गाडीच्या काचेवरचे फराटे आणि धागे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं गाड्या धुण्याचं छोटं सेंटर आहे. गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक रंगाकडे फारसं बघत नाही. सीटवर बसतं, सूर्याकडे तोंड करून काचेतून बघतं आणि मग म्हणतं, "भाऊ, हे पट्टे कसले?" जे तिथे बोलत नाहीत ते रात्री फोटो पाठवतात. खालचे प्रश्न त्यातूनच जमलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. पुसताना काच चकचकीत दिसते आणि वाळली की फराटे उमटतात. हे येतात कुठून?

पाणी उडून जातं, पाण्यातलं बाकीचं काचेवरच राहतं. त्यालाच आपण फराटे म्हणतो. आपल्या भागात त्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्यातल्या क्षारांचा असतो. त्यानंतर जास्त झालेल्या शाम्पूचा, आणि मग आधीच काचेवर असलेल्या तेलकट थराचा. हा थर फडक्याने निघत नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. लोक दर वेळी लिक्विड बदलतात. माझ्या मते दहातल्या आठ जणांनी पाणी बदललं तर लिक्विडची गरजच पडणार नाही.

२. आमच्याकडे बोअरशिवाय पाणी नाही. मग काय गाडी धुवायचीच नाही?

धुवा की. फक्त काचेवरून फिरणारं शेवटचं पाणी बोअरचं नको.

मराठवाड्याच्या पोटात काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरत खाली गेलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी काचेला चालेलच असं नाही. टीडीएस १००० असलेलं एक लिटर पाणी काचेवर वाळलं, तर मागे एक ग्रॅम पांढरी भुकटी उरते. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो पांढरा कड जमतो, तोच हा.

टीडीएस मोजायचा मीटर नसला तरी पाणी ओळखता येतं. स्टीलच्या ताटलीत चार थेंब टाका आणि वाळू द्या. पांढरी कडी उमटली तर ते पाणी काचेला शेवटचं म्हणून वापरू नका. धूळ, चिखल, शेण काढायला तेच बोअरचं पाणी खुशाल वापरा, पण ते काचेवर वाळायच्या आत चांगल्या पाण्याने पुसून घ्या. चांगलं पाणी सगळ्या काचांना मिळून एक लिटरही लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे उधळपट्टी जमतही नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. त्या उन्हाळ्यात मी पाइप गुंडाळून ठेवला आणि बादली-मग्ग्यावर आलो. गंमत म्हणजे काचांच्या तक्रारी तेव्हाच कमी झाल्या.

३. मग हे "चांगलं पाणी" आणायचं कुठून?

लोडशेडिंगने आपल्याला एक सोय करून ठेवलीय. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. पाच लिटरचा कॅन आणला की महिनोन्महिने पुरतो. फक्त कॅनवरचं लेबल नीट वाचा. त्याच दुकानात बॅटरीचं अॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचंच असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. सुरुवातीच्या पाण्यात कॉइलवरची धूळ येते, ते सोडून द्या आणि बाकीचं फडक्यातून गाळून घ्या. पिऊ नका आणि बॅटरीतही टाकू नका. पावसाळ्यात दोन-तीन चांगल्या सरी होऊन गेल्यावर उघड्यावर ठेवलेल्या बादलीत साचलेलं पाणीही उत्तम. आरओच्या जारचं पाणी बोअरपेक्षा बरंच बरं असतं, पण जार जार वेगळा, म्हणून ताटलीची परीक्षा त्यालाही लावा.

४. घरी सॉफ्टनर बसवलाय, तरी डाग पडतात. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक असेल. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. फेस चांगला होतो, नळावर खडा जमत नाही, पण विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. फरक एवढाच की हे डाग ओल्या फडक्याने सहज निघतात. शेवटचं पाणी प्रश्न ३ मधलंच वापरा.

५. सुरुवातीपासून सांगा, पुसायचं नेमकं कसं?

गाडी सावलीत लावा आणि काचेला हात लावून बघा. गरम लागली तर थांबा (कारण प्रश्न ११ मध्ये). कोरडं फडकं फिरवण्याआधी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्या. आपल्या फुफाट्यात वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात.

बाजूच्या काचा आधी दोन-तीन बोटं खाली करा आणि वरची कड पुसून घ्या. ती रबरात लपलेली असते. ती सोडून दिली की पुढच्या वेळी काच वरखाली करताना एक मळकी रेघ हमखास येते. मग काच वर करून बाकीची पुसा. एका फडक्यावर चांगलं पाणी किंवा लिक्विड घेऊन पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. गोल गोल फिरवू नका. बाहेरून आडवं पुसा, आतून उभं. नंतर फराटा दिसला तर तो आडवा की उभा यावरून काचेची कोणती बाजू राहिली ते लगेच कळतं. एवढी एक सवय लागली तर निम्मी मेहनत वाचते.

आतल्या बाजूला फवारा काचेवर मारू नका, फडक्यावर मारा. शिंतोडे डॅशबोर्डवर, स्पीकरवर, बटणांत जातात. पुढच्या काचेचा खालचा कोपरा अडचणीचा असतो. तिथे तळहात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूवर फडकं ठेवलं की हात शेवटपर्यंत पोचतो.

६. फडकं कोणतं घेऊ? जुना बनियन चालतो का?

चालतो, पण कामचलाऊ. शंभरदा धुतलेला सुती कपडा नव्या टॉवेलपेक्षा कितीतरी बरा, कारण त्याची सुटणारी लव केव्हाच धुऊन गेलेली असते. आमच्या वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांनी मी पहिली तीन वर्षं काढली. बनियनची शिवण आणि लेबल मात्र कापून टाका. नवा पंचा, टर्किश टॉवेल, फ्लॅनेल हे काचेच्या जवळही आणू नका.

विकत घेणार असाल तर मायक्रोफायबर घ्या, पण दुकानात समोर टांगलेलं मऊ, केसाळ घेऊ नका. ते रंगासाठी असतं. काचेला सपाट विणीचं किंवा चौकटी-चौकटीच्या विणीचं, साधारण ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) पुरतं. चार फडकी ठेवा. दोन काचेची, दोन बाकी गाडीची, आणि रंग वेगळे ठेवा म्हणजे पोरगं धुवायला बसलं तरी अदलाबदल होणार नाही. ज्या फडक्याने एकदा डॅशबोर्डला पॉलिश लावलं, ते काचेसाठी कायमचं बाद.

७. महागाचं मायक्रोफायबर आणलं, तरी काचेवर बारीक धागे राहतात. असं का?

धागे त्या फडक्याचे नसतातच. ते टॉवेल-चादरीबरोबर मशीनमध्ये धुतलं जातं आणि सगळ्या घराची लव गोळा करून बाहेर येतं. ते वेगळं धुवा. पावडर थोडी, कंफर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग फडकं पाणी शोषत नाही आणि काचेवर नवे फराटे उमटतात. इस्त्री करू नका, धागा प्लास्टिकचाच आहे. गच्चीवर वाऱ्यात वाळवलं की पुन्हा धूळ, म्हणून घरात दोरीवर वाळवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा.

दुसरं कारण म्हणजे कोरड्या काचेवर कोरडं फडकं जोरात घासणं. त्याने काचेवर स्थिर वीज तयार होते आणि हवेतली लव चिकटते. हिवाळ्यात हे जास्त होतं. फडकं किंचित दमट ठेवा.

८. वर्तमानपत्राने काच सगळ्यात छान निघते म्हणतात. खरं?

धागे सोडत नाही एवढं खरं. पण ओला कागद फाटतो, शाई हाताला आणि काचेच्या कडेच्या रबराला लागते, आतल्या फिकट कापडाला लागली तर निघत नाही. घरच्या आरशाला ठीक आहे.

९. आमचं घर जिनिंगच्या रस्त्यावर आहे. सीझनमध्ये पुसून पाठ फिरवली की काच पुन्हा कापसाने भरते. काय करावं?

सेलू, मानवत, परभणीवाल्यांचा हा ठरलेला प्रश्न. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रुईचे तंतू हवेत असतातच, ते थांबवणं आपल्या हातात नाही. जे काचेच्या कडेच्या रबरात आणि वायपरखाली अडकतात ते मात्र काढता येतात. पुसल्यावर फडकं परत तेच तंतू ओढून काचेवर आणतं, म्हणून आधी रबराच्या खाचेतून जुना मऊ ब्रश फिरवा. मग खाकी चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून कडेने टिपत जा. त्यानंतरच ओलं फडकं. पुसायची वेळ पहाटेची ठेवा. वारा पडलेला असतो आणि दव असल्यामुळे तंतू खाली बसलेले असतात.

१०. बाहेरून काच स्वच्छ, पण रात्री समोरून गाडी आली की सगळं धुरकट दिसतं. नंबरचा चष्मा लागलाय का?

डोळे तपासून घ्या, पण त्याआधी काचेच्या आतल्या बाजूवर बोट ओढून बघा. रेघ उमटली तर दोष काचेचा. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्यातले तेलकट अंश उडतात आणि पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला बसतात. आमच्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. नव्या गाडीत हा थर लवकर जमतो. त्यात भर म्हणजे डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढची उदबत्ती. भक्तीबद्दल बोलणं नाही, पण तिचा धूर थेट काचेवरच जातो.

हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. चार भाग डिस्टिल्ड पाणी आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण करा. ते मेडिकलमध्ये मिळतं. पहिल्या फडक्याने थर सोडवायचा, ते बाजूला टाकायचं, मग स्वच्छ फडक्याने दुसरा हात. लोक पहिल्यावरच थांबतात आणि तेल पसरवून ठेवतात. दारं उघडी ठेवा आणि जवळ विडी-सिगरेट नको, कारण अल्कोहोल पेट घेतं. फिल्म असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

११. दुपारी वेळ मिळतो. तेव्हा पुसलं तर बिघडतं काय?

काच तापलेली असते, पाणी टिपायच्या आतच वाळतं आणि जे काढायचं तेच भाजून बसतं. शिवाय पुढच्या काचेवर खडा लागून आधीच टिचकी पडली असेल, तर तापल्या काचेवर गार पाणी ओतल्याने ती भेग धावू शकते. सकाळी आठच्या आत उरका, नाहीतर सूर्य मावळल्यावर.

१२. जुने पांढरे ठिपके काही केल्या निघत नाहीत. खरवडू का?

खरवडू नका. हे क्षार आम्लात विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, त्यात फडकं भिजवून काचेला चिकटवा आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. विरघळायला वेळ लागतो आणि जोर लावल्याने तो कमी होत नाही. मग पुसून चांगल्या पाण्याने धुवा. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानातलं चमचाभर लिंबूसत्त्व पेलाभर पाण्यात घाला. ओघळ रंगावर, क्रोमवर गेला तर लगेच पाण्याने काढा.

दोन-तीन वेळा करूनही ठिपका राहिला आणि बोटाला खडबडीत लागला नाही, तर क्षाराने काचेचा पृष्ठभागच खाल्लाय. त्याचं उत्तर प्रश्न १९ मध्ये. बाथरूम धुवायचं अॅसिड वापरल्याचे फोटो मला वर्षाला दोन-चार येतातच. काच जाते की राहते हा नंतरचा प्रश्न, आधी रबर आणि रंग जातो.

१३. दसऱ्याला गाडीची पूजा केली, काचेवर हळदी-कुंकवाचा स्वस्तिक काढला. आता लाल-पिवळे ओघळ!

पाणी आधी टाकलंत. कोरडं कुंकू आधी मऊ ब्रशने झाडायचं असतं, ओलं झालं की ते रबरात मुरतं. काचेवरचं प्रश्न १० मधल्या अल्कोहोलच्या मिश्रणाने निघतं. हळदीवर साबण लागला की ती लालभडक होते, तेव्हा काही बिघडलं समजून घासत बसू नका. साबणाच्या पाण्यात हळदीचा रंग तसाच बदलतो. तेलात कालवून स्वस्तिक काढला असेल तर आधी तेल काढा, मग रंग. पुढच्या वर्षी बॉनेटवर छोटी बोटं उमटवा आणि काच मोकळी ठेवा. देव समजून घेईल.

१४. समृद्धी महामार्गावरून आलो की पुढची काच किड्यांनी भरलेली असते. वायपरने अजून पसरतं.

ताशी १२० ने आदळलेला किडा वाळला की डिंकासारखा धरतो. वायपर चालवू नका. गाडी थांबल्यावर ओलं जाड फडकं काचेवर अंथरा, चहा पिऊन या, मग पुसा.

१५. परळीला ड्युटीवर असतो, गाडीवर राख बसते. आणि भाऊ लातूरला आहे, त्याच्याकडे कारखान्याची काजळी. दोघांना एकच उपाय का?

नाही. औष्णिक केंद्राची राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना, बारीक पण खरखरीत. ती कोरडी पुसली की काचेवर केसासारखे चरे येतात. नवशिका असताना एका गिऱ्हाइकाची गाडी मी तशीच कोरडी झटकली होती. चरे संध्याकाळच्या तिरक्या उन्हात दिसले आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. राखेला वरून भरपूर पाणी, हात न लावता.

उसाच्या पट्ट्यातली काजळी आणि जळालेल्या पाचटाचे काळे तुकडे हलके असतात. ओले करून दाबले की काळा फराटा उमटतो. ते आधी फुंकून किंवा ब्रशने उडवा, मग ओलं काम. रसाचे चिकट थेंब असतील तर कोमट पाणी.

१६. काच स्वच्छ, तरी वायपर फिरला की कमानीसारखे पट्टे. का?

वायपरचं रबर मळलंय किंवा उन्हाने कडक झालंय. ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून रबर पुसा. काळं निघायचं थांबेपर्यंत. तरीही पट्टे येत असतील तर बदला. आपल्या उन्हात दरवर्षी मृगाच्या आधी बदलणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. वायपरच्या टाकीतही बोअरचं पाणी आणि भांड्यांचा साबण टाकू नका.

एक कारण सहसा लक्षात येत नाही. धुलाईच्या वेळी काही ठिकाणी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा ऑइल फवारतात. त्याचे तुषार काचेवर बसले की पावसात इंद्रधनुष्य दिसतं. धुवायला देतानाच "डिझेल मारू नका" म्हणून सांगा.

१७. काचेला फिल्म आहे. कोणतंही क्लीनर चालेल का?

अमोनियाचं चालणार नाही, फिल्म ढगाळ होऊन सुटायला लागते. फिल्म आतल्या बाजूला असते, तिथे मऊ फडकं आणि साधं डिस्टिल्ड पाणी पुरतं. प्रश्न १० मधलं मिश्रण वापरायचंच असेल तर आधी कोपऱ्यात बघा. नवी फिल्म पूर्ण वाळेपर्यंत हातच लावू नका. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा.

१८. जुन्या स्टिकरचा डिंक आणि मागच्या काचेवरच्या त्या लाल-तपकिरी रेघा, दोन्ही कसं साफ करू?

डिंकावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग अंगठ्याने चोळा. शेवटी अल्कोहोलने तेल काढा, नाहीतर फराट्यांची नवी गोष्ट सुरू. सुरू असलेला फास्टॅग मात्र ओला करू नका आणि उचकटूही नका, तो निघाला की निकामी होतो.

मागच्या काचेच्या आतल्या रेघा घाण नाही. ती धुकं घालवणारी तापणारी तार आहे. तिथे ब्लेड कधीच नको. पुसायचं तेही रेघांच्या दिशेने, आडवं. प्रश्न ५ मधला "आतून उभं" हा नियम इथे चालत नाही.

१९. काचेवरचे चरे जातात का?

नख अडकत नसेल तर सिरियम ऑक्साइडची पूड आणि फेल्टचं चाक वापरून जाणकार कारागीर ते बरेच कमी करतो. नख अडकलं तर सोडून द्या. जास्त घासलं की तिथली काच पातळ होते आणि समोरचं वाकडं दिसतं. चालकाच्या नजरेसमोरचा खोल चरा असेल तर काच बदलणंच बरं.

२०. आमची आजी कंदिलाची काच राखेने लख्ख करायची. गाडीची का नाही?

कारण कंदिलाच्या काचेवर नुसती काजळी असायची आणि चुलीची राख ती झटकन उचलायची. त्या राखेत चार खडे असले आणि काचेवर रेघा आल्या, तरी उजेड पडायचाच. शंभराच्या वेगाने समोरचा ट्रक त्या रेघांतून बघायचा नव्हता. रांगोळीने घासा म्हणणारेही भेटतात, ती तर दगडाचीच पूड.

जुन्या माणसांची एक युक्ती मात्र मी स्वतः वापरलीय. गंगाखेडच्या रस्त्यावर पावसात वायपर बंद पडला, तेव्हा चिमूटभर तंबाखू ओली करून काचेवर चोळली. पाणी थेंब धरायचं सोडून पसरून वाहू लागलं आणि हळूहळू घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी काच साफ करायला पाऊण तास लागला.